बिनविरोध मोडणारी शाळा

नागरिकशास्त्र या विषयावर माझा जुना राग आहे. आम्ही शिकलो तेव्हा तो विषय इतिहासाच्या पुस्तकाच्या मागे चिकटवलेला असायचा. वर्ष संपत आलं की गुरुजी सांगायचे, ते सोपं आहे, घरी वाचा. घरी कोण वाचतंय! परीक्षेत दोन रिकाम्या जागा भरल्या की आम्ही नागरिक झालो. पुढे कॉलेजात पत्रकं लिहायला लागले, मोर्चात घोषणा द्यायला लागले, तेव्हा कळलं की जे घरी वाचा म्हणून सांगितलं होतं, त्याच्यावरच तर सगळं भांडण चाललंय.

त्यामुळे एखादी शाळा नागरिक घडवते वगैरे कुणी म्हणालं की माझ्या कपाळावर आठी येते. आणि तरीही मी हे एका शाळेचं कौतुक करायला लिहिते आहे. चांगलं दिसलं तर चांगलं म्हणायला आम्हा चळवळवाल्यांची जीभ जड होते. या वेळी होऊ देणार नाही.

ही शाळा जिल्हा परिषदेची. पहिली ते चौथी, दोन बाई, तीन खोल्या, पुढे लांब व्हरांडा. बारामतीहून सोमेश्वरनगरकडे जाताना आत वळलं की लागते. आजूबाजूला सगळा ऊस. दिवाळी झाली की तोडणीच्या टोळ्या येतात, शाळेच्या पलीकडच्या माळावर कोप्या उभ्या राहतात. कोपी म्हणजे तोडणीवाल्यांची झोपडी, बांबू आणि ताडपत्रीची. आईबाप पहाटे फडात जातात. पोरं मागे राहतात, धाकटी भावंडं सांभाळतात, पाणी भरतात. आम्ही बारामतीतली काही मुलंमुली हंगामात कोप्या-कोप्यांवर फिरतो आणि त्या पोरांना जवळच्या शाळेत बसवायला धडपडतो. आमचं पत्रक असतं, ‘मूल कोपीवर नको, शाळेत हवं.’ ते मीच लिहिलंय आणि अजूनही मला ते बरं वाटतं.

शाळांमधून आम्हाला काय ऐकायला मिळतं ते सांगते. ही पोरं उन्हाळ्याच्या तोंडाला जाणार, आम्ही पटावर घेऊन काय करू? यांच्या अंगाला वास येतो, गावातले पालक कुरकुर करतात. मागच्या बाकावर बसू द्या हवं तर. ‘हवं तर’! सहा वर्षांच्या पोराचा कायद्यानं दिलेला हक्क, आणि हे म्हणतात हवं तर.

या शाळेत मी भांडायच्या तयारीनंच गेले होते. व्हरांड्यात चौथीच्या बाई जमिनीवर बसून पत्र्याचे रिकामे डबे पुसत होत्या. मूळच्या इंदापूर तालुक्यातल्या कळंबच्या, आता राहायला कन्हेरीला, तिथून स्कूटीवर येतात. मी पत्रक पुढे केलं. त्यांनी ते वाचलं, घडी घालून पर्समध्ये ठेवलं आणि म्हणाल्या, “कोपीवरची सगळी आणलीत आम्ही परवाच. तुम्हाला ब्रश धरता येतो का? या डब्यांवर चित्रं काढायचीत.”

भांडण तिथंच बारगळलं. मी ब्रश धरला.

डबे निवडणुकीचे होते. बालसभेची निवडणूक म्हणजे शाळेतलं मंत्रिमंडळ, स्वच्छतामंत्री, खेळमंत्री, पाणीमंत्री. ते बऱ्याच शाळांत असतं आणि बऱ्याच ठिकाणी बाई-सर बोट दाखवून मंत्री नेमतात, फोटो काढतात, ग्रुपवर टाकतात, संपलं. इथं खरं मतदान होतं. प्रत्येक उमेदवाराचा एक डबा, त्यावर त्याची निशाणी. प्रत्येक मुलाला प्रत्येक खात्यासाठी एक चिंचोका. पडद्याआड जायचं, चिंचोका टाकायचा, बाहेर यायचं.

“पण ही निवडणूक तर जून-जुलैत होते ना?” मी विचारलं.

“आमच्याकडे दिवाळीनंतर.”

“का?”

“जूनमध्ये घेतली तर ही कुठं असतात?” त्यांनी माळाकडे मान वळवली. “जी इथं पाणी पिणार, इथं खिचडी खाणार, त्यांना मत नको का?”

मी ब्रश हातात धरून तशीच बसले. गावात चार-पाच महिने आधीच घेता आली असती ती निवडणूक. कुणी विचारलंही नसतं. केवळ कोपीवरची पोरं यावीत म्हणून या बाई ती पुढे ढकलत होत्या, आणि त्याचं कुठं पत्रक नव्हतं.

पाणीमंत्रीपदाला दोन डबे होते. एकावर मी ट्रॅक्टर काढला, एकावर कळशी. ट्रॅक्टर गावातल्या, चौथीतल्या एका गोबऱ्या पोराचा. त्याचे आजोबा, ज्यांना सगळा गाव तात्या म्हणतो, शाळेच्या व्यवस्थापन समितीवर. त्यांचा ऊस, द्राक्षं, शिवाय सोसायटीतली बरीच वर्षं. पोरगं बोलायचं ते थेट आजोबासारखं, पाठीमागे हात बांधून.

कळशी होती बीडकडून आलेल्या एका मुलीची. तीही चौथीतली. तिची बहीण पहिलीत. या मुलीला मंत्री व्हायचं होतं ते एकाच कारणासाठी, आणि ते तिनं मला रंग वाळेपर्यंत तीनदा सांगितलं. शाळेच्या टाकीला नळ होते मोठ्यांच्या उंचीचे. लहानांसाठी एक खाली होता, तो मोडलेला, त्यात लाकडाचं बूच ठोकलेलं. गावातली पोरं घरून बाटली आणतात, त्यांना नळाचं काही पडलेलं नव्हतं. कोपीवरच्यांकडे बाटल्या नाहीत. पहिलीतल्या पोरांना कुणीतरी काखेत धरून उचलावं लागायचं, आणि उचलणारं कुणी दिसलं नाही तर ती तहानलेलीच बसायची.

“ही माझी बहीन इचारत न्हाई कुनाला,” ती म्हणाली. “लाजती. घरी येऊन घटाघटा पिती. मला तेवढा खालचा नळ करायचाय. बाकी काय नकं.”

मधल्या सुट्टीत मी व्हरांड्यातच होते, म्हणून पुढचं सगळं माझ्या कानावर पडलं. ट्रॅक्टरवाला आपले दोन-तीन दोस्त घेऊन तिच्याकडे आला.

“हे बघ,” तो म्हणाला, “तू डबा मागं घे. आमी तुला स्वीकृत घेतो.”

“स्वीकृत म्हंजी?”

“म्हंजी निवडणूक न करता आत. माझ्या आज्ज्यानं सोसायटीत असंच केलं व्हतं. लई चांगलं असतं.”

“आन् काम काय असतं त्येला?”

त्यानं बराच विचार केला. “बसायचं.”

“मला नळ करायचाय.”

“आगं पर तू जाणार की!” दुसरा एकजण मध्ये घुसला. “पाडव्याच्या आदी तुमची टोळी जाती. मग पाणी कोण बघणार? तुझी कोपी?”

सगळे हसले. ती हसली नाही. थोडा वेळ पायाच्या अंगठ्यानं फरशी टोकरत उभी राहिली. मग तिनं आपला डबा उचलला, खिडकीत नेऊन पालथा घातला आणि पहिलीच्या वर्गाकडे निघून गेली.

“बिनविरोध!” एकानं आरोळी ठोकली. आणि मग पोरांनी काय केलं असेल? वर्गातून डस्टर आणलं, लाल खडू फरशीवर चुरला आणि एकमेकांच्या तोंडाला फासला. गुलाल! ट्रॅक्टरवाल्याला दोघांनी उचलायचा प्रयत्न केला, तो उचलला गेला नाही, मग ते त्याच्या भोवतीच नाचले.

मला हसूही आलं आणि कानशिलं तापली. ही पोरं हे कुठं शिकली? आपल्याकडेच. सोसायटी असो की ग्रामपंचायत, एका घराच्या ओसरीवर चहा होतो, कुणाला तरी गप्प बसवलं जातं, कुणाला तरी पुढच्या वेळचं गाजर दाखवलं जातं, आणि दुसऱ्या दिवशी फलक लागतो, बिनविरोध निवडीबद्दल हार्दिक अभिनंदन. त्याला गावाचा समंजसपणा म्हणायची आपल्याकडे रीत आहे. ज्यानं माघार घेतली त्याला का घेतलीस, असं चारचौघांत विचारलेलं मी तरी पाहिलं नाही.

मी तरातरा बाईंकडे गेले. “बाई, दबाव टाकून माघार घ्यायला लावलीय. ही सरळसरळ लोकशाहीची हत्या आहे!”

“हत्या म्हणू नका, पोरं घाबरतील,” बाई म्हणाल्या. “काय झालं ते सांगा.”

मी सांगितलं. त्या मध्येच हसल्या, स्वीकृतपाशी. मग गंभीर झाल्या.

“तुम्ही त्यांना बोलवा आणि चांगलं झापा,” मी म्हणाले.

“झापलं तर त्यांना एवढंच कळेल की बाईंसमोर करायचं नसतं. उद्या परिपाठाला या तुम्ही. पण एक अट आहे. बोलायचं नाही.”

मला कुणी बोलू नका म्हणालं की मी जास्त बोलते. पण त्या दिवशी मी कबूल केलं.

सकाळी परिपाठ झाला. प्रार्थना, संविधानाची उद्देशिका, दिनविशेष. उद्देशिका पोरं पाढ्यासारखी म्हणत होती, एका दमात, आणि मी मनात म्हटलं, झालं, आले पाठांतरावर. मग बाई पुढे आल्या.

“काल आपल्या शाळेत पाणीमंत्र्यांची निवडणूक बिनविरोध झाली असं कळलं. टाळ्या वाजवा.”

टाळ्या पडल्या. ट्रॅक्टरवाल्यानं मागे वळून नमस्कार केला.

“आता आपला नियम काय? जो डबा मागे घेतो तो सगळ्यांसमोर सांगतो, का घेतला. आणि ज्याला काही विचारायचं असेल तो हात वर करतो. दुसऱ्याचं बोलणं संपेपर्यंत आपण काय करतो?”

“ऐकतो!” सगळ्यांनी ओरडून सांगितलं.

मुलगी उभी राहिली. आवाज अगदी बारीक. “मी घेतला मागं. आमी जाणार हाव. पाडव्याच्या आदी.”

“हे तुझं तुला वाटलं की कुणी सांगितलं?”

तिनं फ्रॉकचं टोक मुठीत धरलं. आणि मग जे झालं त्याची मला अजिबात अपेक्षा नव्हती. ट्रॅक्टरवाल्यानं स्वतःच हात वर केला.

“मी सांगितलं, बाई.”

“बरं केलंस सांगितलंस. बस.” एवढंच. ना डोळे वटारणं, ना कान पिळणं. “आणखी कुणाला काही विचारायचंय?”

तिसरीतली एक चुणचुणीत पोरगी उठली. गावातलीच, दोन वेण्या, नाक ओढत. “बाई, चौथीतली सगळीच जाणार की! पाचवीला दुसऱ्या शाळंत.”

“मग?”

“मग मंत्री कुणालाच करता येणार न्हाय.”

चौथीतली पोरं एकमेकांकडे बघायला लागली. आपणही इथले चार दिवसांचेच आहोत, हे त्यांच्यातल्या कुणाच्याच डोक्यात आलेलं नव्हतं.

“पर मी गावातच राहणार की,” ट्रॅक्टरवाला उठून म्हणाला.

“गावात,” ती म्हणाली. “शाळंत न्हाय. तू काय गावातनं हितं पाणी प्यायला येणार हायस व्हय?”

हशा पिकला. तोही हसला, कान लाल करून. बाईंनी हशा विरू दिला. मग त्या कोपीवरच्या मुलीला म्हणाल्या, “आता तुझं तू ठरव. डबा मागे राहू दे नाहीतर पुढे आण. काहीही केलंस तरी कुणी तुला नावं ठेवणार नाही. मीपण काही सुचवणार नाही.”

मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, आण, आण पुढे! अट आडवी आली. पहिलीच्या रांगेतून मुलीची बहीण तिच्याकडे टक लावून बघत होती. मग मुलगी खिडकीकडे गेली, डबा उचलला, फ्रॉकच्या टोकानं पुसला आणि आणून ट्रॅक्टरच्या डब्याशेजारी ठेवला. जरा वाकडा होता, तो सरळ केला.

मतदान दुसऱ्या दिवशी होतं. पडदा बांधून होत नाही तोच तात्या आले. मोटरसायकल फाटकाशी लावली, टोपी सारखी केली.

“काय बाई, पोरांचं बिनविरोध झालं व्हतं म्हणं. तुमी कशाला मोडलं?”

“मी नाही मोडलं, तात्या. तिसरीतल्या एकीनं मोडलं.”

“आवं पर लहान पोरांत वाद कशाला लावायचा? गुण्यागोविंदानं झालेलं. आन् ती कोपीवरची, पाव्हणी माणसं ती चार म्हैन्याची.”

“तात्या, घरी पाहुणा आला तर पाणी आधी कुणाला देता?”

तात्यांनी माझ्याकडे बघितलं. “ह्या कोण? बारामतीच्या? मोर्चावाल्या?”

“व्हय,” मी म्हणाले.

“तरीच.”

मी तोंड उघडणार तोच बाईंनी खुर्ची पुढे सरकवली. “तात्या, बरं झालं आलात. आम्हाला निरीक्षक हवाच होता. पडद्याआड एकावेळी एकच जातंय ना, तेवढं बघा. तुमच्याइतक्या निवडणुका इथं कुणी बघितल्यात?”

मी मनात म्हटलं, याला म्हणतात डाव. पण तो डाव नव्हता. बाईंनी त्या माणसाला खरोखरच मानानं बसवलं होतं, आणि त्यानंही ते काम मानानंच केलं. सगळी पोरं होईपर्यंत तात्या खुर्चीत ताठ बसून होते. त्यांचाच नातू दोस्ताबरोबर पडद्यात घुसायला लागला तेव्हा खेकसले, “ए, येकानं! कायदा हाय!” माझ्या पत्रकांनी अशी माणसं आजवर नुसती चिडवली होती. त्यांना खुर्ची द्यायचं मला कधी सुचलं नाही, आणि सुचलं असतं तरी मी दिली नसती. बाईंचं हे मोठेपण आहे, ते त्यांच्या नावावरच राहू दे.

डबे सगळ्यांसमोर उलटे केले. ट्रॅक्टर जिंकला.

मला वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर संतापही आला. गावातली पोरं जास्त, मग काय होणार? पण बाईंनी मला हळूच कळशीचे चिंचोके दाखवले. कोपीवरच्या पोरांच्या संख्येपेक्षा ते कितीतरी जास्त होते. म्हणजे गावातल्या पोरांनीही टाकले होते. कुणी, ते कळायला मार्ग नव्हता. पडदा त्यासाठीच होता.

जिंकलेल्याला हार नाही. या शाळेत मंत्री झालेल्यानं त्या दिवसापासून खिचडी वाढायची आणि सगळ्यांत शेवटी ताट घ्यायचं.

“आज बटाटा हाय खिचडीत!” नव्या मंत्र्यानं कळवळून सांगितलं. “आन् मी शेवटी?”

“स्वीकृत व्हायला पायजे व्हतं तुला,” त्याचा दोस्त म्हणाला. “नुसतं बसायचं.”

आणि हरलेल्याचं काय? मी तेच विचारलं. हरलेली घरी जात नाही, बाई म्हणाल्या. त्या खात्याचे प्रश्न विचारायचा हक्क तिचा. दर शनिवारी, सकाळची शाळा सुटायच्या आधी, सभा. विचारणारीनं उभं राहून विचारायचं, मंत्र्यानं उभं राहून उत्तर द्यायचं, सभेपुरतं दोघांनी एकमेकांना अहो-जाहो करायचं.

त्या शनिवारी माझी तिकडे काही कामं नव्हती. तरी गेले. व्हरांड्यात पोरं गोल करून बसली होती. स्वच्छता झाली, खेळ झाला, मग पाण्याचा नंबर आला. मुलगी उठली. परिपाठातला तो बारीक आवाज आता नव्हता.

“पाणीमंत्री, खालचा नळ कवा बसवणार तुमी?”

मंत्री उभा राहिला, हात पाठीमागे. “कुठला खालचा नळ?”

पोरं हसली. त्याला खरंच माहीत नव्हतं. रोज बाटली आणणाऱ्याला कसं असेल!

ती चिडली नाही. “चला, दावते.”

अख्खी शाळा उठून टाकीकडे गेली, पाठोपाठ बाई, आणि मी. तिथं तिनं मंत्र्याला सांगितलं, “गुडघ्यावर बसा.”

“का?”

“पहिलीतल्यांयवढे व्हा. मग प्या.”

तो बसला. हात वर केला, नळाला बोटं कशीबशी लागली. तोटी फिरवली तर पाणी कोपरावरून थेट बाहीत शिरलं, तोंडात थेंब आला नाही. त्यानं मान तिरकी करून पाहिली, ओठ पुढे काढून पाहिले. पोरं हसून हसून लोळायला आली. पहिलीतली मात्र हसत नव्हती. ती त्याच्याकडे फार लक्ष देऊन बघत होती, आणि तोही एकदा त्यांच्याकडे बघून थांबला. मग नळ बंद करून उठला, गुडघे झाडले.

“मी तात्यांना सांगतो,” तो म्हणाला. “न्हाय, आदी बाईंना सांगतो. मग तात्यांना. सोमवारी बसवतो.”

“सोमवारी कवा? शाळा भरायच्या आदी का सुटल्यावर?”

मंत्र्यानं बाईंकडे पाहिलं. बाई टाकीकडे बघत होत्या. त्याला त्याचं त्यालाच ठरवावं लागलं.

“भरायच्या आदी.”

“बरं,” ती म्हणाली. “बसा तुमी.”

आणि तो, भिजल्या बाहीनं, तिथंच ओल्या फरशीवर खाली बसला.